फळकेक आणि संकष्टी

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत नीला खैरेला ओळखत नाही असा माणूस शोधून काढावा लागेल, आणि सापडलाच तर तो कालपरवा राहायला आलेला असेल. तिला ओळखायची कारणं दोन. पहिलं तिचं तोंड. पाण्याची मोटर कुणी तासभर चालू ठेवली, जिन्यात कुणी चपलांचं दुकान मांडलं, की नीला दार उघडते, जे बोलायचं ते एकदाच आणि स्वच्छ बोलते आणि दार लावून घेते. मनात काही ठेवत नाही, त्यामुळे तिला झोप छान लागते. ऐकणाऱ्याला लागत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

दुसरं कारण तिचा जर्मन फळकेक. वसाहतीतल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस या केकवर झालेत, आणि निम्म्या पोरांनी त्यावरून रडारड केलीय. कारण या केकवर क्रीम नाही, नाव लिहायला जागा नाही, आणि मेणबत्ती लावायला जावं तर ती द्राक्षासकट आडवी होते. पण एकदा खाल्ला की मोठी माणसं मुकाट्याने दुसरी बशी पुढे करतात. बायका कृती विचारतात. नीला सगळी सांगते, हातचं काही राखत नाही, तरी कुणाचा तिच्यासारखा होत नाही. कारण त्याचं भांडं कुणाकडे नाही.

ते भांडं तिला हेल्गाबाईने दिलं. नीला जन्माने कल्याणची, कोळसेवाडीतल्या चाळीतली. लग्न होऊन ठाण्यात आली. नवरा शिवराम बसवर ड्रायव्हर. मुलगा राजरत्न शाळेत जायला लागला तशी तिने कोलशेतला एका कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये स्वयंपाकाची नोकरी धरली. मशिनं बसवायला परदेशातून इंजिनिअर यायचे, महिनोन् महिने राहायचे, आणि आमटीत तिखट किती यावरून घाबरायचे. त्यातल्या एकाची बायको ही हेल्गाबाई. नीलाला जर्मन येत नव्हतं, हेल्गाबाईला मराठी येत नव्हती, आणि इंग्रजी दोघींचं सारखंच मोडकं होतं. त्यामुळे दोघींचं फार छान जमलं. काही अडलं की हेल्गाबाई हात धरून ओट्यापाशी न्यायची आणि करून दाखवायची.

दर रविवारी दुपारी हेल्गाबाईला कॉफीबरोबर केक लागायचा. पहिल्यांदा तो केक बघून नीलाला तिची दयाच आली होती. खाली बोटभर जाडीचा स्पंज, त्यावर कस्टर्ड, त्यावर मांडलेली फळं आणि सगळ्यावर चकाकणारी जेली. नीलाला वाटलं, बिचारीला केक फुगवता आला नाही म्हणून वर फळं टाकून झाकलाय. नंतर कळलं की तो मुळात तसाच असतो. घाईचा केक. हेल्गाबाईच्या गावात स्पंजची चकती दुकानात तयार मिळते. पाहुणे येणार असा फोन आला की बाई चकती आणतात, फळं कापतात आणि पाहुणे जिना चढेपर्यंत केक टेबलावर असतो. आपण पाहुणे आले की कांदा चिरायला घेतो, तसंच.

गेस्टहाउस बंद झालं, त्या जागी आता उंच टॉवर आहेत. हेल्गाबाई तर त्याच्याही आधी परत गेली. जाताना ते भांडं तेवढं नीलाच्या हातात ठेवून गेली. पसरट, नागमोडी कडेचं, मधे तळ वर उचललेला. त्यात स्पंज भाजून उपडा केला की कडेला आपोआप काठ येतो आणि मधे कस्टर्डला जागा होते. नीलाने पुढे त्यात आपले बदल केले. जिलेटिन काढून चायना ग्रास आणलं, पाण्याऐवजी संत्र्याचा रस घातला. हेल्गाबाईने शिकवलेलं नाव तिला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून तिने फळकेक असं नाव ठेवलं आणि तेच सगळीकडे झालं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना राजरत्नने एक दिवस जेवताना सांगितलं की त्याला लग्न करायचंय. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, उर्वी मेहेंदळे, डोंबिवलीची. नीलाने उर्वीला पाहिलेली होती. दोनतीनदा घरी आलेली, मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्लेली, वर हाडूक चोखून दाखवलेलं. मुलगी नीलाला पसंत होती. प्रश्न मुलीचा नव्हताच.

"तिचे आईबाबा रविवारी येतायत," राजू म्हणाला. "फक्त भेटायला. ऑफिसचं रिलीज झालं की आम्हाला दोघांना तोच एक रविवार मोकळा आहे."

"त्यांना माहितेय ना आपण कोण ते?"

"आई, आडनाव सांगितलंय, विहार सांगितलाय, सगळं सांगितलंय. चालेल म्हणालेत."

चालेल म्हणालेत. नीलाने तो शब्द दोन दिवस तोंडात घोळवला. चालेल हा शब्द तिच्या चांगला ओळखीचा होता.

कोळसेवाडीच्या चाळीत त्यांच्या शेजारी एक बिऱ्हाड होतं. बाई गोड बोलायची, नीलाच्या वेण्या घालून द्यायची, दुखलंखुपलं विचारायची. नीलाची आई विमलाबाई सणावारी, वाढदिवसाला, काही ना काही वाटीत घालून नीलाच्या हाती तिच्याकडे पाठवायची. बाई दारातच वाटीकडे बघून म्हणायची, "अय्या, आज नेमका माझा उपास गं." सोमवारी उपास, गुरुवारी उपास, मंगळवारी खीर नेली तर मंगळवारी उपास. त्या बाईच्या उपासाला वार नव्हता. नीलाला ते कळायला दोन वर्षं लागली. विमलाबाईंना बहुतेक पहिल्याच वाटीला कळलं होतं, तरी त्या पाठवत राहिल्या, आणि मग एका दिवाळीला पाठवायच्या थांबल्या. आईचा तो दिवाळीतला चेहरा नीला विसरलेली नव्हती. मनात काही ठेवत नाही अशी तिची ख्याती खरी, पण हे एक तिने ठेवलं होतं.

म्हणून रविवारी काय करायचं यावरून घरात चांगलीच जुंपली.

"सिंपल ठेव ना," राजू म्हणाला. "चहा, बिस्किटं. ते पण टेन्शनमध्ये असणार."

"पुडा फोडून ठेवू पुढ्यात? माझ्या हातचं खाऊ नका असं मीच सांगू?"

"पोहे कर," शिवराम म्हणाला. "सगळे पोहेच करतात."

"पोहे त्यांच्याकडे रोज होतात. मला मार्क देत बसतील. माझं मटण खाल्लं असतं तर पोरीला आजच इथे ठेवून गेले असते, पण ते नाही खाणार."

तिला असा पदार्थ हवा होता की जो ना त्यांच्या घरचा ना आपल्या. ज्यात अमुक असं का घातलं नाही, आमच्यात असं नसतं, असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. उत्तर फ्रिजवर उपडं घातलेलं होतंच. जर्मन केकला कोण कुठलं हे विचारणार? तिला एवढंच बघायचं होतं की उर्वीची आई आपल्या हातचा घास तोंडात घालते की नाही. बाकी मानपान, मुहूर्त, हॉल, कशाशीच तिला देणंघेणं नव्हतं. घातला घास तर लग्न आनंदाने करायचं. नाही घातला, तरी राजू करणारच होता, पण मग आपण त्या मांडवात हसऱ्या चेहऱ्याने उभं राहू शकणार नाही हे ती स्वतःला ओळखून होती.

उर्वीच्या वडिलांना अंडं चालतं, आईला नाही, असं राजूने सांगितलं. नीलाने शनिवारी बिनअंड्याचा स्पंज केला. दही, कंडेन्स्ड मिल्क, सोडा. पहिला मधोमध खचला, तो शिवरामने चहात बुडवून संपवला. दुसरा नीट आला. रविवारी दुपारी घट्ट कस्टर्ड थंड करून पसरलं. वर बाहेरून आत अशी गोल फळं लावत गेली, संत्र्याच्या फोडी, किवी, काळी द्राक्षं, मधे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. चायना ग्रास उकळून मधोमधपासून चमच्याने भराभर ओतलं, कारण ते कुणासाठी थांबत नाही, बघता बघता थिजतं. केक आरशासारखा चकाकला. एवढा चांगला तिचा कधीच झाला नव्हता, आणि ती मनातून खूश झाली.

खैरेंच्या घरी नीलाच्या सासऱ्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून घरातून देव गेले आणि देवांबरोबर उपासही गेले. पौर्णिमा तेवढी पाळली जाते. चारच दिवसांपूर्वीच्या पौर्णिमेला नीला पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आली होती. पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवशी दुसऱ्या कुणाचं काही असतं, हे तिच्या डोक्यात यायला काही कारणच नव्हतं. राजूच्याही आलं नाही. उर्वीने तर कॅलेंडर मोबाइलवर ऑफिसच्या मीटिंगा बघण्यापलीकडे कधी उघडलं नव्हतं.

पाहुणे पाचला येणार होते. शीळफाट्याला गाडी अडकली, मुंब्रा बायपासला पुन्हा अडकली, आणि ते आले तेव्हा दिवे लागले होते.

श्रीपाद मेहेंदळे बँकेतून रिटायर झालेले, गोल, गप्पिष्ट गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी शिवरामला ठाण्याच्या बसमार्गांवर असं काही बोलतं केलं की एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा शिवराम हातवारे करू लागला. मंदाकिनीबाई मात्र मोजकं बोलणाऱ्या. शाळेत गणित शिकवलेलं, ते त्यांच्या बसण्यातही दिसत होतं. त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे नीट बघितलं आणि हात जोडले. नीलाने ते टिपलं.

राजूने पाण्याचा ट्रे आणला. मंदाकिनीबाईंनी पर्समधून थर्मास काढला. "माझं आहे. घसा बसलाय ना, गरम लागतं." नीलाने तेही टिपलं.

मग केक आला. श्रीपादराव जागचे उठलेच. "अहो, हे काय! हे घरी केलंत तुम्ही?"

"हो. जर्मन आहे. अंडं नाही घातलं."

"घातलं असतंत तरी माझी काही तक्रार नव्हती," ते म्हणाले, आणि बायकोकडे बघून गप्प बसले.

नीलाने पहिला तुकडा कापला. काठ न मोडता, वरची स्ट्रॉबेरी अख्खी ठेवून, बशीत घेतला आणि मंदाकिनीबाईंपुढे धरला.

"अय्या, मला नको हं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आज माझी संकष्टी आहे."

नीलाचा हात तसाच राहिला. बशी श्रीपादरावांनी हलकेच काढून घेतली.

"आज संकष्टी?" उर्वी म्हणाली. "आई, तू बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? मी काही उपासाला घरी बसून राहत नाही. तुम्ही घ्या सगळे. मला चहा चालेल." मग त्यांना काहीतरी अवघडलेपण जाणवलं असावं, कारण त्या पुढे म्हणाल्या, "किंवा एखादं केळं असलं तर द्या, नीलाताई. सोलूबिलू नका, असंच द्या."

नीला उठून आत गेली. ओट्यावर केळ्यांची फणी होती. तिने त्यातलं एक तोडलं आणि हातात धरून उभी राहिली. साल असलेलं फळ. आतल्याला हात लागलेला नसतो. कुणाच्याही घरचं चालतं. हे शास्त्र तिला कुणी शिकवायला नको होतं, त्या चाळीतल्या बाईनेही वाटी परत करून विमलाबाईंकडून एकदा दोन केळी मागून घेतली होती, आम्ही किती जवळचे हे दाखवायला.

राजू मागोमाग आला. "आई, प्लीज. आज काही बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलले?"

"तुझा चेहरा बोलतोय."

"उर्वीला माहीत नव्हतं रे आज उपास आहे ते."

"अगं तिला काय माहीत असतं? तिच्या स्वतःच्या बर्थडेची मी आठवण करून दिलेली." त्याचा आवाज खाली आला. "खरा असेल गं उपास."

"असेल. मी कुठे म्हणतेय नसेल?"

आणि तीच तर गोम होती. उपास खोटा आहे असं तिला ठामपणे वाटलं असतं तर ती केळं बशीत ठेवून गोड हसली असती आणि विषय मनातून कायमचा पुसला असता. बाई तोंडावरून खोटी वाटत नव्हती. पण ती चाळीतली कुठे वाटायची? खरं आहे की नाही हे कळायचा काही मार्गच नाही, आणि या बाईशी आता जन्माचं नातं जोडायचं. उद्या बारसं होईल, परवा पोराचा वाढदिवस. दर वेळी ताट पुढे केलं की आपण तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. विमलाबाईंनी बघितलं तसं. नीलाला एकदम आईची इतकी आठवण आली की डोळे भरले, आणि डोळे भरले म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ती बाहेर आली. केळं, सालासकट, बशीत घालून मंदाकिनीबाईंपुढे ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"ताई, एक विचारते. राग येईल, पण विचारते. उपास खरा आहे ना?"

श्रीपादरावांचा चमचा वाटेत थांबला. उर्वीने राजूकडे बघितलं, राजूने छताकडे.

"म्हणजे?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"आमच्या शेजारी एक बाई होती कल्याणला. माझी आई तिला काही पाठवायची. ती उपास सांगायची. रोज. आईने किती वर्षं पाठवलं आणि किती वर्षं ते परत आलं, ते मी बघितलेलं आहे, कारण आणणारी मीच होते." नीलाचा आवाज चढला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खालीच होता. "तुम्ही तशा आहात असं मी नाही म्हणत. मला कळत नाहीये, एवढंच. आणि कळल्याशिवाय मला नाही जमणार. पोरांचं लग्न तर होईलच. पण तुम्ही घरी आलात की मी आधी पंचांग बघायचं का, असं मला नको आहे. तुम्ही पाणी स्वतःचं आणलंत. केळं सोलू नका म्हणालात."

मंदाकिनीबाईंचा चेहरा आधी लाल झाला. शाळेत कुणी पोराने उलट उत्तर दिल्यावर होत असेल तसा. "उपास खरा आहे," त्या ताठ म्हणाल्या. "उर्वीच्या वेळेस धरला, तेव्हापासून एकही चुकलेला नाही. घसा बसलाय तो तुम्हाला ऐकू येतोच आहे. आणि केळं सोलू नका हे तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून..." 

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी बशीतल्या केळ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा गेला आणि तिथे ओशाळलेपण आलं.

श्रीपादरावांनी बशी खाली ठेवली.

"माझा उपास खरा आहे, नीलाताई," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचा नसायचा."

नीलाने केळ्याची बशी थोडी बाजूला सरकवली.

"वडिलांच्या ऑफिसात एक शिपाई होते. फार चांगले गृहस्थ. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. आई घरून व्यवस्थित जेवून निघाली, आणि तिथे पान वाढायला आले तर म्हणाली, माझा उपास आहे. मी सातआठ वर्षांची होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, आई, तू आत्ता तर जेवलीस." त्यांनी घोट घ्यायला थर्मास उचलला आणि न घेताच ठेवला. "शिपायांच्या घरच्या बाई हसल्या. लहान मुलं काहीही बोलतात, असं त्याच म्हणाल्या. आईला सांभाळून घेतलं त्यांनी. आणि घरी आल्यावर मला मार बसला."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," श्रीपादराव म्हणाले.

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

नीलाला वाटत होतं की आपण चुकलो, आणि त्याच वेळी वाटत होतं की विचारलं ते बरं केलं, आणि दोन्ही एकदम खरं होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "चहा टाकते."

"टाका," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अहो, चंद्रोदय किती वाजता आहे आज?"

श्रीपादरावांनी मोबाइल बघितला. "नऊ वाजून जातील."

"मग मी थांबते. उपास इथेच सोडते. चालेल ना?"

"चालेल?" नीला म्हणाली. तोच शब्द, पण आता तिच्या तोंडी आला आणि तिला हसू फुटलं. "अहो, पळेल! पण मला ते संकष्टीचं काही कळत नाही हं. काय लागतं ते सांगा."

काही फार लागत नव्हतं. वरण-भात, लिंबू, तूप. मंदाकिनीबाई पदर खोचून आत आल्या आणि डाळीत हिंग किती यावरून दोघींचं पहिलं वाजलं. केळं मंदाकिनीबाईंनी नीलाच्याच हातात दिलं. नीलाने सोलून दिलं आणि त्यांनी ते ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्लं. बाहेर श्रीपादरावांनी केकचा तिसरा तुकडा घेतला. शिवरामने एक तुकडा झाकून फ्रिजमध्ये सरकवला, त्याने दिवसभरात केलेलं हे एकच शहाणपणाचं काम.

नऊनंतर सगळे गच्चीवर गेले. समोरच्या टॉवरमुळे चंद्र वेळेवर दिसेना. गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या दोन बायका, खैरे कुटुंब संकष्टीच्या चंद्रासाठी माना उंच करून उभं आहे हे बघून जागच्या जागी थांबल्या. त्यातली एक न राहवून म्हणाली, "नीलाताई, तुम्ही कधीपासून?"

"मी नाही गं, आमच्या विहीणबाई," नीला म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. मंदाकिनीबाईंनी ते ऐकलं होतं. त्या टॉवरच्या कडेकडे बघत राहिल्या. मग चंद्र आला, त्यांनी हात जोडले, आणि सगळे खाली आले.

पान वाढलं. मंदाकिनीबाईंनी मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि भाताला हात लावण्याआधी विचारलं, "तो केक उरलाय का? गोडाने सोडते."

शिवरामने फ्रिज उघडला. बशी त्यांच्यापुढे आली. पाचही माणसं त्यांच्याकडे बघत होती, नीला सगळ्यांत जास्त. त्यांनी चमच्याने तुकडा मोडला, फळासकट, कस्टर्डसकट, खालच्या स्पंजसकट, आणि तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला.

"छान आहे ना?" श्रीपादराव घाईघाईने म्हणाले.

"वरचं छान आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "खालचा केक ओला झालाय."

"आई!" उर्वी ओरडली.

नीलाच्या मस्तकात सणक गेली. एवढा राबून केलेला केक, आणि ही बाई पहिल्या घासाला नाव ठेवते. आणि लगेच तिला मनापासून बरंही वाटलं. त्या चाळीतल्या बाईने वाटीतल्या खिरीला उभ्या जन्मात नाव ठेवलं नव्हतं. दर वेळी म्हणायची, काय सुरेख दिसतेय गं.

"ओला होईल नाही तर काय?" नीला म्हणाली. "दुपारपासून बसलाय तो तुमची वाट बघत."

"तरी इतका व्हायला नको. कस्टर्ड गरम असताना घातलंत का?"

"थंड करून घातलं. मला शिकवू नका."

"बरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि बशी स्वच्छ करायला लागल्या.